उतरल्याचा फोन

डोक्याला साबण लावलेला होता, डोळे मिटलेले होते, आणि बाहेरच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "बंद हाय. चढ." धम्मानंदला आधी वाटलं, आपणच म्हणालो. हे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडी त्यानं कधी ऐकलेच नव्हते. दिवसातून कितीदा तरी तो ते म्हणे. जेवताना, मोटारसायकल कडेला घेऊन, एकदा तर सासऱ्याच्या मयतीत, लोक खांदा द्यायला बोलावत असताना. पण हा आवाज बारीक होता, जिभेवर नीट न वळलेला होता. त्यानं नळ बंद केला. घरात बोलणारं दुसरं होतंच कोण? राणी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, ती थाप ऐकू येत होती. आणि पिंकी बोलत नव्हती. तिसरं वर्ष सरत आलं तरी पोरीनं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं, आणि त्या घरात सकाळ-संध्याकाळ ह्या एकाच गोष्टीचा घोर होता. साबण डोळ्यांत उतरला. कमरेला टॉवेल गुंडाळून तो तसाच बाहेर आला.

पिंकी प्लास्टिकच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून उभी होती. चार्जरची वायर ताणलेली, फोन कानाला, मान कलती, दुसरा हात हवेत; थेट तो उभा राहतो तशी. स्वयंपाकघराच्या दारात राणी पिठाचे हात घेऊन थिजल्यासारखी उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "बोलली," ती म्हणाली. "अहो, बोलली ती." आता बापाला आनंद व्हायला नको का? झालाही. पण तो आत यायच्या आधीच दुसरं काहीतरी आत घुसलं. त्यानं पोरीच्या हातातून फोन ओढून घेतला. अलगद घेता आला असता, त्यानं ओढला. बोलणं संपलेलं होतं, आणि वर नाव होतं मुंजाजीचं.

मुंजाजी म्हणजे त्याच्या हाताखालचा सगळ्यात जुना लाईनमन. धम्मानंद वीज कंपनीत शाखा अभियंता, झरीच्या पुढची बरीच गावं त्याच्याकडे. खांबावर चढायचं तर लाईनमननं उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करायचा, ऑपरेटरनं लाईन बंद करायची आणि चढायला परमिट द्यायचं, एवढी साधी रीत. सगळीकडे तशीच चालते. पण धम्मानंदनं त्यावर स्वतःचा एक नियम चढवला होता. ऑपरेटरनं लाईन बंद केली की आधी त्याला सांगायचं; मग लाईनमन त्याला फोन करणार, तो स्वतःच्या तोंडानं 'चढ' म्हणणार, आणि काम झाल्यावर 'उतरलो' असा फोन त्याला आल्याशिवाय लाईन चालू होणार नाही. वरच्या साहेबांनी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पहिल्या नेमणुकीच्या गावी सूर्यभान नावाचा पोरगेला लाईनमन खांबावर असताना ऑपरेटरनं दुसऱ्याच कुणाचं 'उतरलो' ऐकलं आणि लाईन चालू केली. सूर्यभान जगला, पण दोन्ही हात कोपरापासून गेले. धम्मानंद भेटायला गेला तेव्हा त्याची बायको त्याला बशीनं चहा पाजत होती. "कुणाची चूक न्हाई, साहेब," असं तोच समजावत होता, आणि हनुवटीवर ओघळलेला चहा पुसायला हात नव्हता. तेव्हापासून हा नियम. तेव्हापासून एकही माणूस गेला नाही, भाजला नाही. आणि तेव्हापासून हा फोन.

त्यानं मुंजाजीला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. वर चढलेला माणूस फोन उचलत नाही, तो खिशात वाजत राहतो. मग त्यानं उपकेंद्रात तात्यारावांना लावला. तात्याराव ऑपरेटर, निवांत माणूस; म्हणाले, लाईन चालू आहे साहेब, मुंजाजीनं सकाळपासून परमिट मागितलेलं नाही, का बरं? धम्मानंद म्हणाला, फीडर बंद करा, आत्ता करा, फोन कानाला धरूनच करा. पलीकडून खटका पडल्याचा आवाज आला. ऐन गव्हाच्या पाण्यात सगळ्या गावांची लाईट गेली. पण पिंकीचं 'चढ' आणि हा खटका यांच्यामध्ये किती वेळ गेला होता? माणूस मरायला कितीसा वेळ लागतो? लहान पोरीच्या बोलण्यावर मुंजाजी चढणार नाही, हे त्याला कळत होतं. चांगलं कळत होतं. पण मुंजाजीला एका कानानं कमी ऐकू येतं, शिवारात वारा असतो, आणि माणूस सवयीनं चालतो. ज्या क्षणी 'चढ' ऐकू यायचं त्या क्षणी ते ऐकू आलं, तर पाय आपोआप खांबाला लागतात. त्यानं ओल्या अंगावरच कपडे चढवले.

राणी दारात आडवी आली. आली म्हणजे नुसती उभी राहिली, पिठाचे हात पदराला न पुसता. "आज तरी जाऊ नका," ती म्हणाली. "आज ती बोललीय. तुम्ही गेलात तर तिला काय वाटेल?" त्यानं सांगितलं, मुंजाजी फोन उचलत नाही. राणीला नियम माहीत होता, सूर्यभान माहीत होता, म्हणून ती बाजूला झाली. तिचं चुकत नव्हतं आणि ह्याचंही चुकत नव्हतं; ही एक पंचाईतच होती त्या दोघांची. धड भांडताही येत नसे. पिंकी स्टुलावरून उतरून कोपऱ्यात गेली होती आणि तोंड घट्ट मिटून बापाच्या हातातल्या फोनकडे बघत होती.

जिंतूर रोडला लागला तोवर डोक्यावरचा साबण वाळला होता. केस ताठ झाले होते, कानामागं खाज सुटली होती, वाऱ्यानं डोकं आवळल्यासारखं होत होतं. त्यातच फोन सुरू झाले. साहेब, लाईट का गेली. साहेब, आज दिवसाची पाळी आमची, आजच बंद करता का. साहेब, मोटर आत्ताच चालू केली होती. एक तोडला की दुसरा येई, आणि त्याला मुंजाजीला लावायला फट सापडेना. आपणच लाईट घालवली, आता त्याच्याच फोनांनी आपला रस्ता बंद झाला. विद्यापीठाची हद्द मागं पडली. त्याला आठवलं, उन्हाळ्यात शहरातल्या एका हॉटेलात त्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं होतं, काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा ह्यावर. पुण्याहून आलेले गृहस्थ फार गोड बोलत होते. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून ते म्हणाले, आता मनात आणा, तुमच्या आयुष्यात पहिलं कोण? धम्मानंदनं डोळे मिटले. पिंकी दिसायला हवी होती. दिसत होतीही, दार उघडून आत येतच होती, तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला आणि तो उठून बाहेर गेला. जिन्यात उभा राहून 'चढ' म्हणाला. परत आला तेव्हा सगळे जेवायला निघाले होते आणि ते गृहस्थ हसून म्हणाले, तुमचं उत्तर राहिलंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान चांगले आहेत, घसा चांगला आहे, बुद्धी तर चांगलीच आहे. बोला तिच्याशी. दोघांपैकी एकानं तरी रोज तासभर नुसतं तिच्यापाशी बसायचं, टीव्ही नाही, फोन नाही. राणी दिवसभर बोले. खिडकीतली चिमणी, भाजीतली मेथी, अंगातलं झबलं, जे दिसेल त्याचं नाव सांगे. दर रविवारी विहारात तिला मांडीवर घेऊन वंदना म्हणे, भोवतीची सगळी पोरं तालात म्हणत, आणि राणीचं लक्ष पोरीच्या ओठांकडे. ओठ हलत नसत. राणीचा घसा बसला, तिची नोकरी सुटली, हळूहळू तिचं हसणंही कमी झालं. मग एक संध्याकाळ त्यानंही ठरवलं. फोन कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि तो पिंकीसमोर बसला. ठोकळे मांडले. हा लाल, हा हिरवा. आपला आवाज आपल्यालाच परका वाटत होता. एवढ्याशा जिवाशी काय बोलायचं असतं ते त्याला माहीतच नव्हतं. थोड्या वेळानं कपाटात गुर्र्र झालं. तो हलला नाही. पुन्हा झालं. तो बसून होता, पण चेहरा सगळा तिकडं गेला असणार, कारण पिंकी उठली, चवड्यांवर उभी राहून तिनं कपाट उघडलं, घडी विस्कटली, आणि फोन आणून त्याच्या हातात दिला. मग त्याच्यासमोर बसून वाट बघू लागली, आता हा बोलेल म्हणून. आणि तो बोललाच. त्या रात्री तो संडासाचं दार लावून रडला होता. हे त्यानं राणीला कधी सांगितलं नाही.

झरी मागं पडली. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी, मधेच ओल्या गव्हाचे हिरवे तुकडे. मुंजाजी कुठं असणार ते त्याला ठाऊक होतं. ओढ्याच्या पलीकडच्या डीपीवर कालपासून बिघाड होता. कच्च्या रस्त्याला लागल्यावर त्याला रोहित्राचे दोन खांब दुरून दिसले, आणि त्यानं तिकडं बघणंच टाळलं. रस्त्याकडे बघत राहिला. खांबावर काही लोंबत असलं तर ते जितकं उशिरा दिसेल तितकं बरं. हे बघा, असा विचार माणूस करतो. पोरगी पहिल्यांदा बोलली, आणि बाप मनात म्हणतोय, ती बोलली नसती तर बरं झालं असतं. त्यानं तो विचार झटकला, पण येऊन तर गेला होता. त्याला स्वतःची किळस आली. माझ्या लेकीचा पहिला शब्द एका माणसाच्या अंगावर पडू देऊ नको, असं तो पुटपुटला; कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण असं मागणं मागायची त्याच्या घरात रीत नव्हती.

लिंबाखाली धूर निघत होता. मुंजाजी शेतमालकासोबत गोवऱ्यांच्या आरापाशी बसून हुरडा खात होता. धम्मानंदची गाडी थांबली तसा हात झटकत उठला. फोन गाडीच्या डिकीत होता, साहेब. इन्सुलेटर शहरातून यायचाय, तेच सांगायला मघा तुम्हाला फोन लावला होता; तवर बसलो होतो जरा. लाईट मात्र का गेली ते समजंना. मग त्याचं साहेबाच्या केसांकडं लक्ष गेलं, मग तोंडाकडं गेलं. गाडीवर बसूनच त्यानं तात्यारावांना फोन करून लाईन चालू करायला सांगितली. मग विचारलं, पिंकीनं तुला चढ म्हटलं का?

"म्हणल्या की," मुंजाजी म्हणाला. "पण तुमचा शब्द न्हाई तर मी कसा चढू, साहेब? त्याच्या आधीच मी म्हणलं होतं, ताई, साहेबाला द्या. तर म्हणल्या, पप्पा आंगूळ करायलेत." त्याला हसू आलं. हुरड्याचे दाणे तळहातावर घेऊन त्यानं साहेबापुढं धरले. धम्मानंदनं ते घेतले नाहीत. एवढं सगळं बोलली ती? मुंजाजीला प्रश्नच कळेना. "रोज बोलत्यात की. उतरलो म्हणून सांगायला फोन केला की त्याच उचलत्यात. काल मांजरीनं पिल्लं घातल्याचं सांगायल्या. लय गोड बोलत्यात. का बरं?"

लिंबाखाली ऊन-सावली हलत होती. धम्मानंदला आठवलं, कित्येक दिवसांपासून मुंजाजीचा उतरल्याचा फोन दोनदा आलेला दिसायचा. पहिल्यांदा कुणीतरी उचललेला, आणि मग लगेच पुन्हा. साहेबाच्या स्वतःच्या कानावर घालायचं म्हणून मुंजाजी पुन्हा लावत असे, नियमाला पक्का माणूस. पहिला कुणी उचलला हे बघायला त्याला सवड झाली नव्हती. तो जेवत असेल, अंघोळीला गेला असेल, फोन बाहेरच्या खोलीत लावलेला. राणीचा कुकर वाजत असेल. आणि पोरगी दाराआड जाऊन बोलत असेल. मुंजाजीनं कधी सांगितलं नाही, कारण पोर बोलते ह्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि ह्यानं मुंजाजीला कधी सांगितलं नव्हतं की माझी पोर बोलत नाही. लाज वाटत होती त्याला. इतकी वर्षं ज्याचा जीव आपण रोज सांभाळला त्या माणसाला आपण घरातलं एवढं एक दुःख सांगितलं नाही, आणि त्या माणसाला आपल्या घरातला आनंद मात्र रोज मिळत होता. धम्मानंदला त्याचा हेवा वाटला. असला कडू हेवा त्याला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

त्यानं राणीला फोन लावला आणि म्हणाला, तिच्या कानाला धर. सरसर आवाज झाला, मग श्वास ऐकू आला. "पिंकी," तो म्हणाला. मग तिकडून, स्पष्ट, मोठ्या माणसाच्या काळजीनं: "पप्पा, उतरला का?"

"उतरलो, बाळा," तो म्हणाला आणि फोन कानाशी दाबून धरला. ती बोलतच राहिली. पिल्लं चार नाहीत, खूप आहेत. एक काळं आहे. आई रडायलीय. तुमचं डोकं धुवायचं राहिलं. मुंजाजी आणि शेतमालक माना वळवून आराकडं बघत राहिले. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हे असं, ओढ्याकाठी, दुसऱ्याच्या शेतात, कानाला लावलेल्या काचेतून येत होतं. पोरीनं बाप जिथं बघितला होता तिथंच ती त्याला शोधत आली होती. बाप कुठं असतो? फोनमध्ये असतो. तिथं तो हसतो, काळजी करतो, माणसाला मरू देत नाही. बाहेर जो असतो तो नुसता जेवतो आणि झोपतो. तिचं गणित कुठं चुकलं होतं?

घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. त्यानं चपलाही नीट काढल्या नाहीत, जमिनीवर बसला, हात पसरले. "पिल्लं दाखवतेस का?" पिंकी आली. जवळ बसली. त्याच्या ताठ केसांना तिनं हात लावून बघितला. पण तोंड उघडलं नाही. तो बोलत राहिला, राणी बोलत राहिली, पिल्लं आणून मांडीवर ठेवली, काळं कोणतं म्हणून विचारलं. पोरीनं बोट दाखवलं आणि ओठ मिटून घेतले. राणी उठून आत गेली. तिच्या भांडी आदळण्यावरून त्याला कळलं की ती आता रडतही नाहीये. रागही ह्याच्यावर नव्हता. तसा कुणावरच नव्हता, म्हणून तो भांड्यांवर निघत होता.

दिवेलागणीला तो खाली गल्लीत आला. ठरवून आला नाही. जिना उतरला आणि उभा राहिला. समोरच्या दुकानात दूध घ्यायला बाया आल्या होत्या, एक रिक्षा वळत होती. त्यानं राणीच्या फोनवर फोन लावला आणि वर बघितलं. खिडकीत उजेड होता. "पप्पा," आधी खिडकीतून आवाज आला, आणि एका क्षणानं कानातही आला. मग ती सुरू झाली. काळ्या पिल्लाचं नाव मुंजाजी आहे. तो दूध पीत नाही. त्याला थंडी वाजते. धम्मानंद भिंतीला टेकून ऐकत होता. वर गेलो की हे थांबणार. इथं उभा राहिलो तर लोक बघणार. बघू देत. रोज इथं येऊन उभा राहीन, असं त्यानं मनाशी म्हटलं, म्हातारा होईपर्यंत उभा राहीन. तेवढ्यात कानात टुक टुक झालं. दुसरा फोन येत होता. मुंजाजी. इन्सुलेटर आला असणार, तात्यारावांनी लाईन बंद केल्याचं मघाशी कळवलंच होतं. हा 'चढ'चा फोन. माणूस खांबाच्या बुडाशी उभा आहे, आणि अंधार पडायच्या आत त्याला वर जाऊन खाली यायचंय.

"थांब हं," तो म्हणाला. त्यानं मुंजाजीचा घेतला. "बंद हाय. चढ." एवढंच. परत पिंकीकडे आला तर तिकडं नुसती खोली ऐकू येत होती. त्यानं हाक मारली. मग त्याला वर खिडकीच्या जाळीत पोरीचं तोंड दिसलं. ती खाली त्याच्याकडं बघत होती. त्याच्या हाताकडं, कानाकडं, त्याच्या तोंडाकडं. जो घरात असतो तो आणि जो फोनमध्ये असतो तो एकच आहे, हे तिला आत्ता दिसलं होतं. राणी फोनवर आली आणि हळूच म्हणाली, मान वळवतेय, बोलत नाही.

"तरी धर कानाला," तो म्हणाला. "धरूनच ठेव."

आणि तो बोलू लागला. काय बोलायचं असतं ते अजूनही माहीत नव्हतं. सूर्यभानचं बोलला. चहा बशीतून कसा प्यायचा ते बोलला. लिंबाखालचा धूर, वाळलेल्या साबणानं डोकं कसं खाजतं ते, तिच्या आजीला सुलाबाईला पोहता कसं येत असे ते. तुझं नाव ठेवलं तेव्हा तू कशी दिसत होतीस ते. मी भितो, पिंकी, दिवसभर भितो, हेही बोलला. गल्लीतल्या बाया थांबून बघायला लागल्या. पुन्हा टुक टुक झालं. त्यानं फोन कानापासून काढून बघितला. मुंजाजी. म्हणजे उतरला. सुखरूप आहे, खाली उभा आहे. आता हा उचलायचा, तात्यारावांना सांगायचं, लाईन चालू करायची. गावंच्या गावं अंधारात बसली आहेत. त्यानं फोन परत कानाला लावला. टुक टुक चालू होतं. उतरलेला माणूस थांबू शकतो, अंधार थांबू शकतो. त्याला आजवर हे एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला सांगितलं नव्हतं. पलीकडून पोरीचा श्वास येत होता. ती ऐकत होती की नुसती उभी होती, कळत नव्हतं. तो बोलत राहिला.